अरुंधतीबाई बाजूला बसल्या

गणपती बसतो आणि महालक्ष्म्या उभ्या राहतात, असं आपण सहज बोलून जातो. त्यांच्याबरोबर घरातली बाईही तीन दिवस उभी असते, ते मात्र कुणी बोलत नाही. इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत दिवाकररावांच्या घरी ही उभी राहणारी बाई म्हणजे त्यांची बायको अरुंधतीबाई. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंच्या हाताखाली उभ्या राहिल्या, सासूबाई गेल्यावर एकट्याच. सोळा भाज्या, कटाची आमटी, आंबील, पंचामृत, देवींच्या डोक्यावर टांगायचा तळणीचा फुलोरा आणि जेवायला घर भरून माणसं. लोक जेवायचे, "वा वहिनी, तुमच्या पुरणपोळीला तोड नाही," म्हणायचे आणि पान खायला निघून जायचे. तोड नसलेली ती पोळी लाटणाऱ्या बाईच्या पानात शेवटी बहुधा नुसती आमटी आणि भात यायचा.

या घरच्या महालक्ष्म्या गल्लीत सगळ्यांत उंच. त्याचं कारण म्हणजे दिवाकररावांच्या वडिलांनी मिलमधून भंगारात निघालेले पत्र्याचे दोन उंच डबे घरी आणले होते. कापसाचे पेळू साठवायचे हे डबे. त्यांत तळाशी गहू भरायचे, वर पितळेचे मुखवटे ठेवायचे, साड्या नेसवायच्या, की झाल्या देवी तयार. वडील मिलमध्ये, मुलगा मिलच्या ऑफिसात क्लार्क, आणि घरच्या देवीही मिलच्याच डब्यांवर उभ्या. सगळं घरच एका फाटकातून आत गेलेलं होतं म्हणा ना.

ते फाटक बंद झाल्याला दोन वर्षं होत आली होती. दिल्लीत म्हणे बाजार खुला झाला, आणि इंदुरात मिलला कुलूप लागलं. दिवाकररावांच्या धाकट्या भावाचं, लक्ष्मीकांतचं, मात्र या खुल्या बाजारात बरं चाललं. अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला त्याने एसटीडीचा बूथ टाकला, मग केबलचं कनेक्शन द्यायला लागला, आणि त्याच्या बायकोने, अनुश्रीने, घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर काढलं. दिवाकरराव सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे आणि मिल पुन्हा सुरू होणार अशी बातमी कुणी आणतो का याची वाट बघायचे. बातम्या पुष्कळ यायच्या. मिल तेवढी सुरू व्हायची नाही.

घर चालायचं ते अरुंधतीबाईंच्या पोळ्यांवर. आसपासच्या खोल्यांतून राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांचे डबे त्यांनी सुरू केले होते. पहाटे कणीक, सकाळी डबे, दुपारी भाजी निवडणं, संध्याकाळी पुन्हा डबे. आणि या सगळ्यात त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली होती, ती म्हणजे नवऱ्याला काम सांगायचं नाही. माणूस आधीच खचलेला, त्यात बायकोने पिठाची पिशवी हातात दिली तर त्याला काय वाटेल? म्हणून गव्हाचं पोतं त्या स्वतः सरकवायच्या, गॅसची टाकी स्वतः लावायच्या, चक्कीवर स्वतः जायच्या. दिवाकरराव बघत राहायचे आणि मग मान खाली घालून वर्तमानपत्र उलटायचे. त्या मनात म्हणायच्या, बघा, लागलं ना मनाला, बरं झालं काही सांगितलं नाही.

त्या भाद्रपदात पाऊस सरत आला होता आणि गल्लीत ऊन लख्ख पडायला लागलं होतं. डबे तीन दिवस बंद ठेवून अरुंधतीबाईंनी महालक्ष्म्यांची तयारी काढली. देवासहून बनूआत्या आल्या. बनूआत्या म्हणजे दिवाकररावांची आत्या, सत्तरी कधीच ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत नजर घारीची. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून त्या बसल्या, म्हणजे आतल्या बाईचा जीव अर्धा व्हायचा. पहिल्या दिवशी सकाळी, देवी घरात यायच्या होत्या त्या दिवशी, अरुंधतीबाई न्हाऊन आल्या, तर समोर भाज्यांचा ढीग, कोपऱ्यात भिजत घालायची डाळ आणि खुर्चीत आत्या.

"अरुंधती, यंदा पुरण जरा जास्तच कर हो," आत्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी कम पडलं. लोकांनी मागून मागून घेतलं, माझ्या पानात एकच पोळी आली."

अरुंधतीबाईंनी त्या डाळीकडे पाहिलं. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आत्या, मला अडचण आलीय."

म्हणजे कावळा शिवला. म्हणजे आता चार दिवस त्यांनी देवाला, सोवळ्याला, स्वयंपाकघराला हात लावायचा नाही. बोलल्याबरोबर त्यांनी जीभ चावली, पण शब्द गेला तो गेलाच. वास्तविक त्यांचं ते सगळं कधीच थांबलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं कुणाला? मुलगी उर्वी लग्न होऊन उज्जैनला, तिच्या सासरीही याच दिवसांत महालक्ष्म्या. जावेशी असलं बोलण्याइतकी जवळीक नाही.

आत्यांचे डोळे बारीक झाले. "या वयात? अजून?"

"जाता जाता त्रास देतंय," अरुंधतीबाई पुटपुटल्या आणि दारातून दोन पावलं मागे सरकल्या.

आता आली पंचाईत. आत्यांच्याने उभं राहवत नाही. अनुश्रीला फोन केला तर ती म्हणाली, "सॉरी आत्या, अपने को तो पुरण-बिरण जमत नाही हां. आणि पार्लरमध्ये आज भोत गर्दी आहे. मी उद्या टाइम पे येते, सलाद फटाफट कापून देते." गल्लीतल्या बायकांच्या घरी त्यांच्या त्यांच्या देवी. ऐन सणाला सोवळ्यातला आचारी मिळणं तर अशक्यच. आत्या कपाळाला हात लावून बसल्या. देवी उपाशी राहणार, कुळाचार मोडणार, असं त्या मोठ्याने म्हणायला लागल्या. खरं सांगून टाकावं, असं मनात येत होतं, तेवढ्यात ओट्यावरून दिवाकरराव आत आले.

"मी करतो," ते म्हणाले.

"तू?" आत्या म्हणाल्या. "तुला चहा तरी येतो काय रे?"

"चहा येतो. बाकी ती सांगेल, मी करेन. सोवळं पुरुषालाही चालतं ना, की तेही बंद झालं?"

दिवाकररावांनी वडिलांचा रेशमी मुकटा काढला आणि आंघोळीला गेले.

अंगणापलीकडच्या लहान खोलीत अरुंधतीबाईंची चटई पडली. त्या खोलीच्या खिडकीतून स्वयंपाकघराचा ओटा नीट दिसायचा. पहिला दिवस खरं तर सोपा होता. त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, डाळ इतकी, भाजी अशी चिरा, आणि दुपारी त्या आडव्या झाल्या. महालक्ष्म्यांच्या दिवसांत, भर दुपारी, पाठ टेकून, वर फिरणारा पंखा बघत! त्यांना आधी हसू आलं, मग झोप लागली, आणि अशी लागली की उठल्या तेव्हा अंगणातलं ऊन गेलं होतं. पायांतली ठणक कुठे गेली ते कळेना. त्यांना इतकं बरं वाटलं की त्याचीच भीती वाटायला लागली.

कारण संध्याकाळी देवी घरात आल्या. दरवर्षी मुखवटे अरुंधतीबाईंच्या हातात असायचे. दारापासून कुंकवाची पावलं काढायची, एकेका पावलावर थांबायचं, मागच्या बाईने विचारायचं आणि पुढच्या बाईने उत्तर द्यायचं. या वर्षी मुखवटे दिवाकररावांनी घेतले. आत्यांनी खुर्चीतून विचारलं, "महालक्ष्मी कशाने आली?" दिवाकरराव अंगणात, खिडकीजवळच अडखळले. अरुंधतीबाईंनी खिडकीतून हळूच सांगितलं, "सोन्याच्या पावलांनी आली म्हणा."

"सोन्याच्या पावलांनी आली," दिवाकरराव म्हणाले.

"काय घेऊन आली?"

"धनधान्य घेऊन आली. घरात... घरात सुख घेऊन आली."

बंद मिलच्या क्लार्कने हे म्हणायचं म्हणजे सोपं नव्हतं. खिडकीत अरुंधतीबाईंनी पदर तोंडाला लावला. देवीच्या तोंडावर आपण खोटं बोललो, आणि हा माणूस आपल्या खोट्यापायी उघडा पडतोय, असं त्यांना वाटलं. आज भाज्याच होत्या, निभावल्या. उद्या पुरण. उद्या सगळे येणार, आणि उद्या याच्या हातून काही बिघडलं तर लोक हसतील. दोन वर्षं ज्या माणसाचं मन जपलं, त्याला आपणच सगळ्यांसमोर चुलीशी उभं करून त्याचं हसं करणार.

साड्या नेसवायचं काम तेवढं बघण्यासारखं झालं. आत्या म्हणत होत्या, निऱ्या तुला येणार नाहीत, शेजारच्या पोरीला बोलाव. दिवाकररावांनी डब्याला दोरी बांधली, साडी गुंडाळली, निऱ्या घातल्या, त्या सुटल्या, पुन्हा घातल्या. "मिलच्या डब्याला साडी नेसवायची, आणि मिलवाल्याला जमणार नाही क्या?" ते म्हणाले. जमलं. धाकटीच्या निऱ्या थोरलीपेक्षा जाड पडल्या, पण झेंडूच्या माळांनी ते झाकलं गेलं. मागे निळा पडदा, बाजूंना केळीचे खांब, वर लुकलुकणारी दिव्यांची माळ. आत्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. आत्या काही बोलल्या नाहीत याचा अर्थ ठीक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खिडकी आणि स्वयंपाकघर यांच्यात नुसता आरडाओरडा चालला होता. फुलोऱ्यातल्या करंज्या तेलात उघडल्या, त्यातलं सारण जळून कढई काळी झाली. देवीच्या साजासाठी तळलेल्या कणकेच्या वेणी आणि फणी बऱ्या निघाल्या, आरसा मात्र पापडासारखा फुगला. आंबील छान झाली. सोळा भाज्या एकत्र शिजवताना दिवाकररावांनी कारलंही मोकळ्या हाताने घातलं, पण ते देवीने सांभाळून घेतलं असावं. पुरण शिजत होतं तेव्हा ते खिडकीशी धावत आले.

"अगं, झालं कसं ओळखायचं?"

"मधोमध उलथनं उभं करून बघा. पडलं नाही तर झालं."

ते गेले, आणि थोड्या वेळाने आतून जवळजवळ लहान मुलासारखा आवाज आला. "उभं राहिलं! अगं, उभं राहिलं!"

पोळ्या मात्र काही केल्या जमेनात. पहिली तव्यावर फुटली. दुसरी पोळपाटावरच फुटली. तिसरी उचलताना अर्धी हातात आणि अर्धी खाली. पुरण तव्यावर जळायला लागलं, धूर झाला, तिकडे बाहेर स्कूटरी थांबायला लागल्या. लक्ष्मीकांत आणि अनुश्री आले, त्यांच्या मागे बाकीची मंडळी. अरुंधतीबाईंचे हात शिवशिवायला लागले. शेवटी त्यांना राहवेना. चटईवरून उठून, अंगण ओलांडून त्या थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या.

"सरका, मी लाटते," त्या म्हणाल्या.

"शिवू नकोस!" आत्या खुर्चीतून किंचाळल्या. "सगळं ओवळं होईल!"

"आत्या, मला तुम्हाला एक सांगायचंय," अरुंधतीबाईंनी सुरुवात केली. त्या सगळं सांगूनच टाकणार होत्या. पण दिवाकरराव लाटणं हातात घेऊन दारात आडवे उभे राहिले. कपाळावर घाम, मुकट्यावर पीठ, आणि डोळ्यांत काहीतरी असं, की अरुंधतीबाईंनी ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"काही सांगू नकोस," ते म्हणाले. "तू जाऊन बस. माझं काम आहे, मी बघतो."

त्या मुकाट्याने परत गेल्या. खिडकीतून त्यांनी पाहिलं. दिवाकरराव क्षणभर तव्याकडे बघत उभे राहिले, मग आत्यांना म्हणाले, "देवीला पुरण पाहिजे, ते पोळीतच पाहिजे असं कुठे लिहिलंय? आई नागपंचमीला दिंडं करायची. ती नाही चालणार?" आत्यांनी खूप विचार केला. पुरण तेच, कणीक तीच, फक्त जाडसर पारीत पुरणाची चौकोनी घडी घालायची आणि वाफवायची. नाही म्हणायला जागा नव्हती. "चालतील," त्या म्हणाल्या, "पण घड्या नीट घाल."

घड्या दिवाकररावांनी नीट घातल्या. इतक्या वर्षांत कागदाच्या घड्या काय कमी घातल्या होत्या? अनुश्रीनेही चुपचाप नखांना लावलेला रंग काढला, न्हाऊन आली आणि सलाद सोडून त्यांच्या शेजारी कणकेच्या पाऱ्या लाटायला बसली. मोदकपात्रातून दिंडं निघाली ती गुबगुबीत, तुपाने चकाकणारी. देवींना नैवेद्य झाला, आरती झाली, पानं मांडली. अरुंधतीबाई खिडकीशी उभ्या होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. आता कोण काय म्हणतंय.

म्हणाला तो लक्ष्मीकांतच. पहिला घास खाल्ला आणि मोठ्याने हसला.

"क्या बात है दादा! मिल बंद झाली आणि तू तो आचारीच झालास!"

अनुश्रीने नवऱ्याकडे रागाने पाहिलं. अरुंधतीबाईंनी खिडकीचे गज घट्ट धरले. झालं, त्यांना वाटलं, ज्याची भीती होती तेच झालं, आणि हे सगळं माझ्यामुळे.

दिवाकरराव वाढत होते. ते थांबले, त्यांनी भावाच्या पानाकडे पाहिलं आणि मग हसायला लागले. आधी गालात, मग खळखळून. "झालो ना भिया," ते म्हणाले. "और दूँ क्या? बोल, लाजू नकोस." आणि त्यांनी त्याच्या पानात दोन दिंडं आणखी टाकली, वर तुपाची धार सोडली. पंगत हसली, लक्ष्मीकांत हसला, आणि गेल्या दोन वर्षांत त्या घरात न ऐकलेला तो दिवाकररावांचा हसण्याचा आवाज अंगणापलीकडे खिडकीपर्यंत आला. अरुंधतीबाई खाली बसल्या. छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला, असं त्यांना वाटलं. बनूआत्यांनी तीन दिंडं खाल्ली आणि चौथं पानात मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी देवींना दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मुखवटे हलवले, आणि महालक्ष्म्यांचा मुक्काम संपला. जेवण झाल्यावर लक्ष्मीकांत गाडी घेऊन आला आणि आत्यांना देवासला पोचवायला घेऊन गेला. जाताना आत्या अरुंधतीबाईंना लांबूनच म्हणाल्या, "आराम कर हो, चेहरा किती तजेलदार दिसतोय तुझा." यात काही खोच होती की नाही, ते आत्यांनाच ठाऊक.

घर रिकामं झालं. मधल्या खोलीत दिवाकरराव आरास उतरवत होते. साड्या सोडून त्यांनी घड्या घातल्या, मुखवटे मऊ कापडात गुंडाळले, आणि डब्यातले गहू पोत्यात ओतायला घेतले. डबा जड होता.

"अगं, जरा ये, पोतं धर," त्यांनी हाक मारली.

अरुंधतीबाई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थबकल्या. "अहो, मला अजून..."

"धर गं. कुणी नाही आता."

त्यांनी पोतं धरलं. गहू सरसरत पडले. डबा रिकामा झाला तसे अरुंधतीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मला काही झालेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. देवीशी खोटं बोलले, तुमच्याशी बोलले."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"तू बोललीस तेव्हापासून." दिवाकररावांनी डबा बाजूला ठेवला. "तुझ्या चार दिवसांत देवापाशी दिवा कोण लावायचं? मीच ना? तू बाहेरून हाक मारायचीस, अहो, तेवढा दिवा लावा. मिल चालू होती तेव्हाच ती हाक थांबली. त्यानंतर तू मला कसलंच काम सांगितलं नाहीस."

"तुमच्या मनाला लागेल म्हणून," त्या म्हणाल्या.

"लागायचंच ना. तू गव्हाचं पोतं ओढायचीस आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून बघत बसायचो. मला वाटायचं, आता हिलाही माझा उपयोग नाही. स्वतःहून उठायची लाज वाटायची, आणि कुणी उठवत नव्हतं." त्यांनी खाली सांडलेले गहू वेचून पोत्यात टाकले. "परवा तू आत्याला ते सांगितलंस ना, तेव्हा बरं वाटलं मला. म्हटलं, चला, आपली पाळी आली."

अरुंधतीबाई रडता रडता हसल्या आणि त्यांनी पदराने नाक पुसलं. "पण आत्यांनी आणखी विचारलं असतं तर? देवीला राग आला असेल तर?"

"देवीला काय राग येणार? तीन दिवस पोटभर जेवली." मग ते गंभीर झाले. "पण पुढच्या वर्षी खोटं बोलू नकोस. नुसतं म्हण, दमले."

शब्द केवढासा. पण अरुंधतीबाईंनी तोंड उघडलं आणि तो बाहेर येईना. सासूबाईंसमोर कधी म्हटला नव्हता, उर्वीच्या लग्नात म्हटला नव्हता, मिल बंद झाल्यावर तर म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्या गव्हाच्या पोत्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

"दमले," त्या म्हणाल्या. आणि एकदा म्हटल्यावर थांबताच येईना. "फार दमले हो. खूप दमले."

"मग आता उद्यापासून डब्यांची भाजी माझी," दिवाकरराव म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.